एक क्रेट आणि चौसष्ट क्रेट

इंदिरानगर, नाशिक

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे



विषय बी.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या पेपरातल्या पाच-सात गुणांचा आहे. नमुना वितरणावर, म्हणजे वर्गात सगळे ज्याला ‘सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात त्यावर, प्रश्न येतो आणि त्याची उत्तरे तपासली जातात. ती कशी तपासावीत एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. मंडळापुढे निकालाचे वेळापत्रक, फेरपरीक्षा, नव्या शैक्षणिक धोरणातले श्रेयांकांचे हिशेब असे मोठे विषय पडलेले असताना इतक्या लहान बाबीसाठी जाहीर पत्र कशाला, असे आपण विचाराल. कारण असे की हा धडा शिकणाऱ्याइतकाच तपासणाऱ्यालाही लागू पडतो. हाती आलेला आकडा एका नमुन्यातून आला आहे, दुसरा नमुना घेतला असता तर तो वेगळा आला असता, आणि साधारण किती वेगळा आला असता याचा अंदाज बांधता येतो, एवढेच धड्याचे सार. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर बेरीज करून लिहिलेले गुणही असाच एक आकडा असतात. ते एका परीक्षकाकडून, एका दुपारी, गठ्ठ्यातल्या एका विशिष्ट जागी आलेले असतात. माझे म्हणणे असे की सूत्र, किंमती, तक्ता, उत्तर अशा टप्प्यांनी हा प्रश्न तपासण्याची जी रूढ सवय आहे, ती न समजलेल्याला पूर्ण गुण देऊ शकते आणि समजलेल्याचे कापू शकते. असे किती वेळा घडते हे शोधण्याचे साधन आपल्याच अभ्यासक्रमात आहे. मंडळाने ते एकदा स्वतःवर वापरावे.

नाशिकहून लिहितो आहे, तेव्हा उदाहरण पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचे घेऊ. आकडे मात्र माझे, पेपरात शोभतील असे गोल केलेले. क्रेटचे सरासरी वजन 20 किलो, प्रमाण विचलन 0.8 किलो. त्यांतून 64 क्रेटचा यादृच्छिक नमुना काढला तर नमुन्याचा मध्य 19.8 किलोपेक्षा कमी येण्याची संभाव्यता किती? गुण पाच. नमुनामध्याची प्रमाण त्रुटी म्हणजे 0.8 भागिले 64 चे वर्गमूळ, ती 0.1. झेडची किंमत उणे 2. तक्त्यात पाहिले की 0.0228. चार ओळींत काम संपते आणि परीक्षकाच्या लाल पेनालाही चारच थांबे लागतात. आता चार उत्तरे कल्पू. पहिल्यात सगळी आकडेमोड बिनचूक आहे, पण शेवटी लिहिले आहे, ‘म्हणून 2.28 टक्के क्रेट 19.8 किलोपेक्षा हलकी आहेत.’ दुसऱ्यात सुरुवातीलाच स्पष्ट केले आहे की 64-64 क्रेटचे नमुने पुन्हा पुन्हा काढले तर त्यांचे मध्य 20 च्या आसपास विखुरतील आणि आपल्याला त्या विखुरण्यातला भाग हवा आहे; पण पुढे वर्गमूळ घ्यायचे राहून गेले आहे, त्यामुळे प्रमाण त्रुटी 0.0125, झेड उणे 16 आणि संभाव्यता जवळजवळ शून्य. तिसऱ्यात उत्तर 0.0228 बरोबर आहे, कारण म्हणून लिहिले आहे की नमुना 30 पेक्षा मोठा असल्यामुळे क्रेटची वजने प्रसामान्य होतात. चौथ्याने 0.8 ला कशानेच भागलेले नाही; झेड उणे 0.25, संभाव्यता 0.4013.

टप्प्यांनी तपासले तर पहिल्याला पाचांपैकी पाच आणि तिसऱ्यालाही पाच. दुसऱ्याला फार तर दोन. चौथ्याला एखादा. आता गुणांच्या रकान्यावर हात ठेवून नुसती उत्तरे वाचा. पहिल्याला एक क्रेट आणि चौसष्ट क्रेटचा मध्य यांतला फरकच ठाऊक नाही. वजने प्रसामान्य धरली तर 19.8 किलोपेक्षा हलकी क्रेट सुमारे 40 टक्के निघतात, सव्वादोन टक्के नव्हे. म्हणजे त्याचे विधान थोडेथोडके चुकलेले नसून सतरा-अठरा पटींनी चुकले आहे, तरी लाल पेन त्यावरून अडखळल्याशिवाय पुढे जाते, कारण आदर्श उत्तरात 0.0228 नंतर पूर्णविराम होता. तिसऱ्याने केंद्रीय सीमा सिद्धांत उलटा करून ठेवला आहे. नमुना कितीही मोठा घेतला तरी टोमॅटोची वजने जशी आहेत तशीच राहतात. प्रसामान्यतेकडे सरकते ते मध्यांचे वितरण. दुसऱ्याने मात्र जो धडा शिकवला गेला तोच लिहिला आणि एका मुळाच्या चिन्हाने तो बुडाला. चौथ्याबद्दल मला थोडी गंमत वाटते: त्याने 0.4013 काढले ते दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे, एका क्रेटच्या प्रश्नाचे.

इथे एक शंका रास्त आहे. पहिल्याचे ते शेवटचे वाक्य कदाचित भाषेची घसरण असेल. त्याला ‘नमुने’ म्हणायचे होते, हातून ‘क्रेट’ गेले. एक परीक्षक असे समजून गुण देईल, दुसरा दोन गुण कापेल, आणि दोघेही प्रामाणिक असतील. दुसऱ्याच्या उत्तरावरही असेच दोन तट पडतील. झेड उणे 16 आलेले पाहून ज्याला शंका आली नाही त्याला वितरण खरोखर समजले आहे का? मला वाटते, समजले आहे, पण अर्धा गुण जावा. उणे 16 दिसताच मागे वळून पाहणे हाही या विषयाचाच भाग आहे. आपल्यातल्या कुणाला हे पटणार नाही, आणि तेच तर सांगायचे आहे. तपासणीतला फरक परीक्षकाच्या आळसातून किंवा लहरीतून येतो असे आपण गृहीत धरतो आणि मग परिपत्रके काढतो. या प्रश्नात तो फरक उत्तराच्या आतूनच निघतो, कारण उत्तर कोणत्या पुराव्यावर तोलायचे हे प्रश्नाने ठरवूनच दिलेले नाही.

म्हणून पहिली मागणी तपासणाऱ्यांकडे नसून पेपर काढणाऱ्यांकडे आहे. त्याच प्रश्नात दोन तुकडे जोडावेत. एक, यातले एकच क्रेट उचलले तर ते 19.8 किलोपेक्षा हलके असण्याची संभाव्यता किती? दोन, या दोन उत्तरांपैकी कोणत्या उत्तरासाठी क्रेटची वजने प्रसामान्य असल्याचे गृहीत धरावे लागते? पहिल्या तुकड्याने 0.0228 आणि 0.4013 हे दोन आकडे विद्यार्थ्याच्या कागदावर शेजारी येऊन उभे राहतात. ज्याला फरक कळलेला नाही त्याची तिथेच गाठ बसते, आणि ज्याच्या हातून केवळ शब्द घसरला होता तो सावरतो. दुसऱ्या तुकड्याचे उत्तर एका शब्दाचे आहे, आणि तिसऱ्या उत्तरातला गैरसमज त्यात लपूच शकत नाही: गृहीतक एका क्रेटसाठी लागते, चौसष्टांच्या मध्याला सिद्धांत सांभाळून घेतो. गुणांची वाटणीही मग निराळी करता येते. प्रमाण त्रुटीला एक, आकडेमोडीला एक, एका क्रेटच्या उत्तराला एक, गृहीतकाच्या उत्तराला एक आणि दोन आकडे वेगळे का आले हे एका ओळीत सांगण्याला एक. वर्गमूळ विसरलेल्याला चूक झाली तिथे एकदाच दंड, पुढे त्याच चुकीसाठी पुन्हा नाही.

हे काहीतरी नवे शिक्षणशास्त्र आहे असे कुणी समजू नये. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध छापला, ज्यातून आपले टी वितरण आले, त्यात त्याने गणिती मांडणीवर न थांबता पडताळा घेतला होता. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पत्त्यांसारख्या कार्डांवर लिहून, ती नीट पिसून, चार-चारांचे साडेसातशे नमुने पाडले आणि प्रत्येकाचा हिशेब मांडून वितरण डोळ्यांनी पाहिले. आज टी वितरणाची सिद्धता विचारली तर जेकोबियन वगैरे सगळे अचूक पाठ लिहिणारा विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण नेतो. त्यालाच विचारा की या सिद्धतेत बदलते काय आहे, कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा काढल्याची कल्पना केली आहे, तर पुष्कळदा उत्तर येत नाही. सिद्धता विचारू नये असे मी म्हणत नाही. सात गुणांची सिद्धता विचारताना एक गुण त्या साडेसातशे ढिगांसाठी राखावा, एवढेच.

यावर पहिला आक्षेप हमखास येणार: हा गणिताच्या घरचा विषय आहे, इथे उत्तर बरोबर असते किंवा चूक, मतभेदाला जागा कुठे? मराठीच्या निबंधाला पाच परीक्षक पाच गुण देतील, संख्याशास्त्रात तसे होत नाही. या समजुतीला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धक्का बसला आहे. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर गणित शिक्षकांकडे पाठवली आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापले. शंभरांपैकी गुण 28 पासून नव्वदीच्या पुढपर्यंत पसरले होते.  त्याही आधी, 1888 मध्ये, एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षेतल्या गुणांकडे निरीक्षणातल्या त्रुटीसारखे पाहावे, असे मांडून ठेवले होते. आणि फिलिप हार्टोग हे नाव तर बी.एड. केलेल्या प्रत्येकाला 1929 च्या हार्टोग समितीमुळे ठाऊक असते. ढाका विद्यापीठाचे हे पहिले कुलगुरू. त्यांनी ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाबरोबर 1935 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांना वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासायला दिल्या होत्या. नापास, पास की त्याहून वर, असे 210 निवाडे झाले. त्यांपैकी 92 वेळा त्याच परीक्षकाने त्याच कागदावरचा स्वतःचाच आधीचा निवाडा बदलला. इतिहासाचा दाखला संख्याशास्त्राला जसाच्या तसा लागू होणार नाही हे मान्य. पण मग संख्याशास्त्रात तो किती लागू होतो हे मोजून पाहायला नको का? आणि ते मोजायची विद्या ज्या विषयाकडे आहे तोच विषय हात बांधून बसतो, हे विचित्र आहे.

मोजायचे कसे, याचे उत्तर परदेशातून आणायची गरज नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना एक युक्ती रुजवली: एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, ते दोन स्वतंत्र तुकड्यांकडे द्यायचे आणि दोघांच्या अंदाजांतला फरक हीच चुकीची मोजपट्टी मानायची. उत्तरपत्रिकांना ही पद्धत थोड्या फेरफाराने चपखल बसते. कॅप, म्हणजे केंद्रीय तपासणीच्या, केंद्रावर आलेल्या संख्याशास्त्राच्या गठ्ठ्यांतून शंभर उत्तरपत्रिका यादृच्छिकपणे निवडाव्यात आणि पहिल्याचे गुण दिसणार नाहीत अशा रीतीने दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घ्याव्यात. झालेल्या तपासणीवर पुन्हा नजर टाकणारा मॉडरेटर जे करतो ते हे नव्हे. मॉडरेटरला आधीचे गुण दिसत असतात आणि समोर दिसणारा आकडा मनाला ओढून नेतो. शंभर पुरतील का? इथे पुन्हा आपलाच धडा. एकूण उत्तरपत्रिका तीन हजार असोत की तीस हजार, शंभरांच्या नमुन्याची अचूकता जवळजवळ तेवढीच राहते. समजा दोन परीक्षकांच्या गुणांतल्या फरकाचे प्रमाण विचलन पाच गुण निघाले, तर सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी अर्धा गुण. समजा शंभरांपैकी बारा जण दुसऱ्या तपासणीत चाळीसच्या रेषेच्या पलीकडे किंवा अलीकडे गेले, तर त्या बारा टक्क्यांची प्रमाण त्रुटी सुमारे सव्वातीन टक्के. खरे प्रमाण साधारण सहा ते अठरा टक्क्यांच्या दरम्यान असेल असे म्हणता येईल. हे आकडे निव्वळ कल्पित आहेत. खरे आकडे आपल्याकडून हवेत.

यावर कुणी म्हणेल, परीक्षक वेगळे, पेपर अनेक, सहा सत्रे. कुठे दोन गुण जास्त मिळतात, कुठे दोन कमी, शेवटी सगळे भरून निघते. यादृच्छिक चुकीपुरते हे खरे आहे. पण जी चूक दर वेळी एकाच दिशेने होते ती बेरजेत विरत नाही, साचत जाते. ही गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी महालनोबीसांशी झालेल्या प्रसिद्ध वादात दाखवून दिली होती. पीक कापणीसाठी फार लहान तुकडे घेतले की हद्दीवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो. असे लहान तुकडे हजारांनी वाढवले तरी फुगवटा कमी होत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा घट्ट होतो. आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी येणाऱ्यांना विचारून नाशिककर रोज किती चालतात हे ठरवायला निघालात, तर पन्नासांना विचारा की पाच हजारांना, उत्तर ट्रॅकचेच येईल. टप्प्यांची तपासणीही अशीच एका बाजूला झुकलेली आहे. ती दर सत्राला, दर पेपरला, क्लासमध्ये सूत्रांचे साचे घोटून आलेल्याला झुकते माप देते आणि विचार करत, खाडाखोड करत लिहिणाऱ्याला दर वेळी थोडे मागे ठेवते. सहा सत्रांच्या बेरजेत हे भरून कसे निघावे?

वेळेचा आणि मानधनाचा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही. परीक्षकापुढे गठ्ठा असतो, मुदत असते, शिवाय कॉलेजातले तास असतात. प्रत्येक विद्यार्थ्याचे परिच्छेदभर स्पष्टीकरण वाचा, असे सांगणे म्हणजे न पाळला जाणारा नियम करणे. म्हणूनच वर सुचवलेल्या प्रश्नात वाचायला एकच ओळ आहे आणि बाकी चार गुण आकड्याने किंवा एका शब्दाने मिळतात. दुबार तपासणी तर सगळ्यांची नाही, शंभरांची. तेवढे मानधन जास्तीचे द्यावे लागेल, ते द्यावे. सगळेच बहुपर्यायी करून टाका, म्हणजे परीक्षकाचा प्रश्नच संपेल, असाही एक सोपा सल्ला करोनाकाळापासून फिरतो आहे. चांगले पर्याय लिहिले तर बहुपर्यायी प्रश्न हा गैरसमज छान पकडतो, हे मी नाकारत नाही. पण 0.0228, 0.4013, 0.05 आणि ‘यांपैकी नाही’ असे पर्याय दिले, तर पहिले आणि तिसरे उत्तर पुन्हा पैकीच्या पैकी गुण घेऊन बाहेर पडते, आणि या वेळी त्यांचे चुकलेले वाक्य वाचायलाही कुणी नसते.

मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप भाषेचा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतून बारावीपर्यंत मराठीत शिकून आलेली मुले बी.एस्सी.ला इंग्रजीत लिहू लागतात. सूत्र त्यांच्या भाषेच्या अडचणीवरचा पूल असतो. सिग्मा आणि मूळ चिन्ह सुरगाण्यातही तेच, पुण्यातही तेच. मी गुण वाक्याकडे वळवायला निघालो, तर कॉन्व्हेंटमधून आलेल्याचे गुळगुळीत इंग्रजी जिंकेल आणि ज्याला नेमके समजले आहे तो शब्दांवाचून अडेल. हा धोका खरा आहे, आणि पाचही गुण स्पष्टीकरणाला द्या असे कुणी म्हणाले तर मीच विरोध करीन. माझी सूचना दोन गोष्टींची आहे. ती एक ओळ मराठीत, इंग्रजीत किंवा सरमिसळ भाषेत लिहिण्याची मुभा प्रश्नपत्रिकेवरच छापावी. आणि ओळीऐवजी चित्र चालेल, हेही छापावे: एकाच आडव्या रेषेवर दोन घंटाकृती वक्र, दोघांचा मध्य 20, एक पसरट, एक अरुंद, आणि कोणता कुणाचा हे दाखवणारे दोन बाण. ज्याला हे काढता येते त्याला धडा आला आहे. त्याचे इंग्रजी तपासायला दुसरा पेपर आहे.

आता प्रशासनाची भीती. दोन परीक्षकांत अमुक इतका फरक पडतो असे विद्यापीठानेच छापले, तर एकोणचाळीस गुणांचा प्रत्येक जण तो कागद घेऊन न्यायालयात जाईल. ही भीती पोकळ नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्याच प्रकरणात, परितोष भूपेशकुमार शेठ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये मंडळाची बाजू उचलून धरली होती. नियमांत नसलेल्या पुनर्मूल्यांकनाचा हक्क मागता येणार नाही आणि निकालाला कधीतरी शेवट असलाच पाहिजे, हा त्यातला विचार आजही वजनदार आहे. पुढे 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे कागद उघडे झाले आहेत, छायांकित प्रती मिळतात, पुनर्मूल्यांकनाची सोय आहे. उघडा नाही तो फक्त एकूण हिशेब. आज पुनर्मूल्यांकनाला तोच अर्ज करतो ज्याला गुण कमी वाटतात आणि जो शुल्क भरू शकतो. त्या अर्जांतून निघणारा निष्कर्ष ट्रॅकवरच्या पाहणीसारखाच एकांगी. पहिल्या उत्तरासारखे, जास्त गुण मिळालेले उत्तर तिथे कधी येतच नाही. आणि फरक आहे हे विद्यापीठाने आधीच मान्य केलेले आहे. नाहीतर ग्रेस गुणांची तरतूद कशासाठी ठेवली असती? मोजलेला फरक छापल्याने एकाही विद्यार्थ्याचा निकाल आपोआप बदलत नाही. पुढच्या वेळी ग्रेस किती असावा, कोणत्या प्रश्नाची गुणवाटणी दुरुस्त करावी, हे मात्र अंदाजपंचे ठरवावे लागत नाही.

तंत्रज्ञानाने हे आपोआप सुटेल, या आशेवरही थांबू नये. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचे ठरवले, कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तेव्हाची चर्चा वेग, सर्व्हर आणि हरवलेल्या पानांभोवती फिरली; दोन परीक्षकांचे एकमत किती, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणाला सुचलाच नाही. खरे तर पडद्यावरच्या तपासणीत दुबार तपासणीसारखे सोपे काम दुसरे नाही. एकच स्कॅन दोघांना पाठवायचे आणि पहिल्याचे गुण लपवायचे, बस. स्कॅनिंगवर पैसा खर्च होणारच असेल तर त्यातून एवढे तरी पदरात पाडून घ्यावे.

एवढा खटाटोप पाच गुणांसाठी का, याचे एक उत्तर नाशिक जिल्ह्याच्या शेतांत आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळ हा विमा घटक असेल तर एका पिकासाठी त्या मंडळात किमान दहा पीक कापणी प्रयोग करायचे असतात. त्या दहांच्या सरासरीची उंबरठा उत्पादनाशी तुलना होते आणि सबंध मंडळाला भरपाई मिळणार की नाही हे ठरते. एका शेतकऱ्याचे पीक पूर्ण गेलेले असू शकते आणि दहांची सरासरी उंबरठ्याच्या वर असू शकते, उलटही होते. दहा प्रयोगांच्या सरासरीला स्वतःचे डुलणे असते, एका शेताच्या उत्पन्नाला त्याहून कितीतरी मोठे. कृषी खात्यात, विमा कंपनीत, बँकेत हा तक्ता वाचायला उद्या आपलाच पदवीधर बसणार आहे. पहिले उत्तर लिहून पाचांपैकी पाच घेतलेला पदवीधर शेतकऱ्याला सांगेल की मंडळात नुकसान झालेली शेते सव्वादोनच टक्के आहेत, आणि त्याच्या गुणपत्रिकेवर त्याबद्दल शंका घ्यायला जागा नसेल.

तेव्हा मागणी अशी आहे. संख्याशास्त्राच्या अभ्यास मंडळाला विचारून नमुना वितरणावरच्या प्रश्नांचे आदर्श उत्तर ‘बदलते काय आहे’ या प्रश्नाला गुण देणारे करावे. ते छापण्यापूर्वी मागच्या सत्राच्या तीस-चाळीस उत्तरपत्रिका यादृच्छिकपणे काढून मुले प्रत्यक्षात काय लिहितात ते पाहावे, कारण माझ्या चार उत्तरांखेरीज पाचवे, सहावे प्रकार तिथे नक्की सापडतील आणि आदर्श उत्तर लिहिणाऱ्याला ते घरी बसून सुचणार नाहीत. आणि एका सत्रात, एकाच विषयाच्या शंभर उत्तरपत्रिका दोघांकडून तपासून, फरकाचे प्रमाण विचलन आणि रेषा ओलांडणाऱ्यांची संख्या, दोन्ही प्रमाण त्रुटीसह, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावीत. परीक्षकांची नावे नकोत, महाविद्यालयांची नकोत. एक पान पुरेल. महालनोबीसांचा जन्मदिवस, 29 जून, देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो आणि संख्याशास्त्र विभागांत त्या दिवशी व्याख्याने होतात. त्या दिवशी हे एक पान लावले, तर त्या वर्षीच्या व्याख्यात्याला विषय शोधावा लागणार नाही.

कळावे,

आपला,
इंदिरानगर, नाशिक येथील एक नागरिक